एका काचेचे दोन अहवाल

काच एकच होती. तिच्याबद्दलचे अहवाल दोन होते.

पहिला जवळजवळ दोन वर्षांपूर्वीचा, चेन्नईच्या टी. नगरमधल्या एका पॅथॉलॉजी लॅबचा. त्यात मानेतली गाठ टीबीची असल्याचं लिहिलं होतं. दुसरा कालच एका कॅन्सर संस्थेतून आला होता. सूक्ष्मदर्शकाखालची काच तीच, नंबरही तोच, पण निदान लिम्फोमा, म्हणजे लसग्रंथींचा कॅन्सर. शेवटी एक ओळ जास्तीची होती: ‘पेशी ठळक आहेत. निदानाविषयी शंका नाही.’

अॅडव्होकेट कनकाबाईंनी दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडले आणि समोर बसलेल्या मुलीकडे पाहिलं.

सावनी खांबेटे. वय चौतीस. मूळची मिरजेची, पेरुंगुडीच्या आयटी कंपनीत नोकरी. केमोनंतर केस आत्ता कुठे बोटभर आले होते. मानेच्या डाव्या बाजूला चांगला दोन इंचांचा आडवा व्रण होता, टाक्यांच्या खुणांसकट. कनकाबाईंच्या ऑफिसखाली, तिरुवल्लिकेणीच्या गल्लीत रिक्षावाले एकमेकांच्या नावाने ओरडत होते. सावनीच्या कानापर्यंत ते पोचत नसावं. तिच्यापुढची कॉफी गार होऊन तिच्यावर साय धरली होती.

“अस्कं सांग गे,” कनकाबाई म्हणाल्या. “पहिल्यापासून.”

अस्कं म्हणजे सगळं. तंजावरच्या भोसल्यांच्या मागोमाग आलेल्या घराण्यातलं हे मराठी. पहिल्या भेटीत ते ऐकून सावनीला हसू आलं होतं. आज ती हसली नाही. दुसऱ्याच कुणाची हकीकत वाचून दाखवावी तसं तिने सांगितलं.

“मानेत गाठ आली. सर्जननी बुधवारी ती अख्खी काढली आणि लॅबला पाठवली. शुक्रवारी रिपोर्ट आला, टीबी. नऊ महिने गोळ्या घेतल्या. गाठी वाढतच गेल्या. सर्जन म्हणाले, टीबी चिवट आहे. मग धाप लागायला लागली. दुसऱ्या हॉस्पिटलात गेले. तोवर कॅन्सर छातीत होता, हाडात होता. चौथी स्टेज.”

“शुक्रवारी रिपोर्ट कसा आला? आणायला गेली होतीस?”

“नाही, मोबाइलवर. ऑफिसला सुट्टी होती. आमच्या वॉचमनने गेटवर कुंकू लावलेला कोहळा फोडला होता. त्याच्या फोडींवरून पाय घसरेल म्हणून मी जपून चालत होते, तेवढ्यात मेसेज आला. अकरा बावन्न. वाचला आणि तिथेच रस्त्यात देवाला हात जोडले. टीबीच आहे म्हणून.”

कनकाबाईंनी हे उतरवून घेतलं. साक्षीदाराने न विचारता दिलेला तपशील त्या नेहमीच लिहून घेत.

“आता ऐक. तुला रस्ते तीन. एक, जिल्हा ग्राहक आयोग. सेवेत हलगर्जी झाली मणून भरपाई मागायची. दोन, राज्याची वैद्यक परिषद. तिथे डॉक्टरच्या परवान्याची चौकशी होते. तीन, पोलीस. पण त्यांना आधी दुसऱ्या तज्ज्ञ डॉक्टरचं मत लागतं, त्याशिवाय ते पुढे सरकत नाहीत. आयोगाला मुदत दोन वर्षांची. आपण मणू, चूक कळली त्या दिवसापासून मोजा. ते मणतील, रिपोर्टच्या तारखेपासून मोजा. हा वाद नकोच. त्यांच्या हिशोबानेही नऊ दिवस उरलेत, त्यात दावा घालू.”

“मग अडचण काय आहे?”

कनकाबाईंनी लॅबचं उत्तर पुढे सरकवलं. आठवड्यापूर्वी पाठवलेल्या नोटिशीला आलेलं. ‘आमच्या अनुभवी डॉक्टरांनी काच काळजीपूर्वक पाहिली. त्यांचं मत चुकलं असेल, पण ते प्रामाणिक मत होतं.’

“ही अडचण. डॉक्टरने नीट बघितलं आणि तरी त्याचा अंदाज चुकला, तर कायदा त्याला हलगर्जी मणत नाही. आणि काच बघणारा डॉक्टर पद्मनाभन आहे. निम्म्या चेन्नईचे पॅथॉलॉजिस्ट त्याच्या हाताखाली शिकले. तो माणूस उभा राहून ‘मी चुकलो’ मणाला, तर आयोगाला त्याचीच दया येईल.”

सावनीने तो कागद वाचला आणि पालथा ठेवला. मग म्हणाली, “भरपाईचं जाऊ दे, कनकाताई. मला एकच कळू दे. कुणी पाहिलं होतं का? पाहून चुकले असतील तर मी गप्प बसेन. माझ्याकडूनही चुका होतात. पण पाहिलंच नसेल तर…”



कनकाबाईंनी लॅबचा अहवाल पुन्हा वाचला. मग सावनीच्या मानेकडे पाहिलं. आणि पुन्हा अहवालाकडे.

“सर्जनने हा रिपोर्ट पूर्ण वाचला होता का गे?”

“शेवटची ओळ वाचली आणि गोळ्या लिहून दिल्या.”

“आणि तू?”

“मीही शेवटचीच.”

पहिल्या ओळीत लिहिलं होतं: ‘सुईने काढलेले तीन बारीक तुकडे.’

*

लॅब साड्यांच्या एका मोठ्या दुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर होती. जिन्यात गिऱ्हाइकांची झुंबड होती, वर फिनेलचा वास आणि शांतता. दारातच व्यवस्थापक विजयेंद्र राव हात जोडून उभे होते. कपाळावर गंध, पांढराशुभ्र शर्ट.

“या अक्का, या! आपण तंजावरचे की! तुमच्या वडिलांचं कीर्तन मी लहानपणी ऐकलंय. काय तो आवाज! आणि आज तुम्ही मजवरच दावा घालणार?”

“मुलीला न्याय मिळाला की तुमच्याही घरी येऊन कीर्तन करते,” कनकाबाई म्हणाल्या. “डॉक्टर आहेत?”

“आहेत, आहेत. पण अक्का, त्यांना फार बोलू नका. ऐंशीला टेकलेत. चूक माणसाकडूनच होते ना?”

डॉक्टर पद्मनाभन खिडकीशी सूक्ष्मदर्शकापुढे बसले होते. बारीक अंगाचा, स्वच्छ दाढी केलेला म्हातारा. लॅबमध्ये तसा सूक्ष्मदर्शक एकच होता. सावनीला पाहून ते उठून उभे राहिले, आणि ती बसेपर्यंत उभेच राहिले. संभाषण तमिळमध्ये झालं. सावनीला जेवढं समजलं नाही तेवढं कनकाबाईंनी सांगितलं.

“डॉक्टर, ही काच तुम्ही पाहिलीत?”

“अहवालावर सही माझी आहे. म्हणजे मी पाहिली.”

“मी सहीचं विचारत नाही. पाहिल्याचं आठवतं का?”

म्हाताऱ्याने डोळे मिटले. “दिवसाला तीस-चाळीस काचा असतात, अम्मा. एखादी कशी आठवणार? पण त्या शुक्रवारी मी आलो होतो, ते नक्की आठवतं. सकाळी आठ ते दुपारपर्यंत. सगळ्यांबरोबर बसून सुंडल खाल्लं, उकडलेल्या चण्यांचं. विजयेंद्र म्हणतो, मी त्याच सकाळी ही काच पाहिली. मग पाहिलीच असणार. चूक माझीच आहे. तसं मी आयोगापुढे सांगेन.”

सावनी त्यांच्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. काहीच नव्हतं.

“मूळ नोंद बघू,” कनकाबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी कॉम्प्युटरकडे पाहिलं आणि हात झटकले. “हे यंत्र मला कळत नाही. मी बोलतो, हे लोक टाइप करतात. विजयेंद्र, जरा उघड.”

विजयेंद्रांनी वाकून पटापट अक्षरं दाबली. पडद्यावर डॉक्टर पद्मनाभन यांचं नाव आलं. खाली नोंद होती: मंजुरी, शुक्रवार, अकरा ऑक्टोबर, सकाळी अकरा बावन्न. मंजुरी दिली की सही आपोआप उमटत होती.

बाहेर पडताना कनकाबाई बोळातल्या भिंतीपाशी थांबल्या. तिथे ओळीने फोटो लावले होते. दरवर्षीचा एक, खाली वर्ष लिहिलेलं. प्रत्येकात तोच सूक्ष्मदर्शक चौरंगावर, त्याला झेंडूचा हार, नळीवर चंदनाची बोटं, आणि मागे मांडी घालून बसलेली सगळी माणसं.

“बत्तीस वर्षांत एक पूजा चुकलेली नाही, अक्का,” विजयेंद्र अभिमानाने म्हणाले. “देवामुळेच चाललंय अस्कं.”

काचा बनवणारी रम्या जिन्यापर्यंत पोचवायला आली. तिशीची, चटपटीत, पण आज जरा धास्तावलेली.

“माझी नोकरी जाईल का, अक्का?”

“खरं बोललीस तर नाही. ही गाठ तुझ्याकडे कशी आली? सुईने काढलेले तुकडे होते?”

“तुकडे? नाही हो! अख्खी गाठ होती, बोराएवढी. मीच कापली. सुईची केस त्या आठवड्यात दुसरी होती, एका आजोबांची. त्यांचा रिपोर्ट गुरुवारी सकाळीच गेला होता. टीबी.”

“हिची काच कधी तयार झाली?”

“गुरुवारी संध्याकाळी साडेसातला. माझ्या वहीत आहे. एरवी दुपारीच झाली असती, पण दुपारभर सगळी साफसफाई चालली होती.”

“तेव्हा डॉक्टर होते?”

“ते चारलाच घरी जातात. कधीच थांबत नाहीत.”

“आणि शनिवारी त्यांच्यापुढे कुठल्या काचा जातात?”

“ज्यांचा रिपोर्ट राहिलाय त्या. रिपोर्ट गेलेल्या काचा मी लाकडी पेटीत ठेवते. तिथून कोण कशाला काढेल?”

जिना उतरताना सावनीने विचारलं, “काही कळलं?”

“दोन गोष्टी कळल्या. तिसरी समोर आहे आणि मजला दिसत नाही.”

*

संध्याकाळी कनकाबाई देवळाच्या मंडपात येऊन बसल्या. आख्यान चालू होतं. बुवा तरुण होते, पण गळा पिकलेला. अज्ञातवासात निघालेल्या भावांनी आपली शस्त्रं शमीच्या झाडावर बांधून ठेवली, तिथवर कथा आली होती. बुवांनी झांज थांबवली आणि श्रोत्यांकडे बोट केलं.

“अहो, धनुष्य झाडावर आहे! मग आता कुणी येऊन सांगितलं की त्यांनी त्याच दिवशी बाण मारला, तर तुम्ही काय विचाराल? कशाने मारला बाबा? नखाने?”

मंडप हसला. कनकाबाईंचा टाळी वाजवायला उचललेला हात तसाच राहिला.

गेटवर फोडलेला कोहळा. वाटलेलं सुंडल. आदल्या दुपारची साफसफाई.

त्या मंडपातून उठल्या नाहीत. कीर्तनातून मधेच उठणं त्यांच्या वडिलांना कधी खपलं नव्हतं. आरती झाली, प्रसाद हातावर घेतला, आणि मगच त्यांनी सावनीला फोन लावला.

“उद्या दहाला लॅबमध्ये ये. काच मी आणते.”

*

दुसऱ्या दिवशी खिडकीपाशी सगळे बसले होते. डॉक्टर, विजयेंद्र, दाराशी रम्या, आणि भिंतीकडे पाठ करून सावनी. कनकाबाईंनी पदर खोचला आणि अगदी घरगुती आवाजात विचारलं,

“राव, आमच्या वडिलांकडे खंडेनवमीला टाळ-वीणासुद्धा पूजेत असायचे. त्या दिवशी वाजवायचे नाहीत. तुमच्याकडे कसं?”

“तसंच की, अक्का!” विजयेंद्रांचा चेहरा उजळला. “अष्टमीलाच धुऊन-पुसून यंत्रं पूजेत ठेवतो. नवमीला बोट लावू देत नाही कुणाला. डॉक्टरसाहेबांनासुद्धा! दशमीला सकाळी पुन्हा पूजा केली की मगच—”

ते बोलता बोलता थांबले.

“मगच काम,” कनकाबाईंनी वाक्य पुरं केलं, आणि पुढचं डॉक्टरांसाठी तमिळमध्येही सांगत गेल्या. “दोन वर्षांपूर्वी अकरा ऑक्टोबरला नवमी होती. मी पंचांग बघून आले. हिच्या गेटवर कोहळा फुटला होता, तो नवमीच्या पूजेचाच. डॉक्टर, तुम्ही सुंडल खाल्लंत ते पूजेचं. तुम्ही आला होतात, पण काचा बघायला नाही, पूजेला. बाहेरच्या फोटोत आहात.”

डॉक्टरांनी दाराबाहेर फोटोंच्या दिशेने पाहिलं.

“काच गुरुवारी संध्याकाळी साडेसातला तयार झाली. तुम्ही चारला गेला होतात. शुक्रवारी एकुलता एक सूक्ष्मदर्शक हार घालून चौरंगावर होता. अकरा बावन्नला रिपोर्ट गेला. शनिवारी काच तुमच्यापुढे आलीच नाही, कारण रिपोर्ट गेलेल्या काचा पेटीत जातात. मग ही काच तुम्ही पाहिलीत कधी?”

“पण… माझी सही…”

“सही यंत्र करतं. यंत्र उघडतो तो, ज्याला तुमचा परवलीचा शब्द ठाऊक आहे. काल तुम्ही ‘उघड’ मणालात. यांनी तुम्हाला एक अक्षर विचारलं नाही.”

सगळ्यांच्या नजरा विजयेंद्रांकडे वळल्या.

“आणि मजकूर कुठला?” कनकाबाई थांबल्या नाहीत. “गाठ अख्खी आली होती. रिपोर्टात सुईचे तीन तुकडे आहेत. ते त्या आजोबांचे. राव, तुम्ही त्यांचा रिपोर्ट घेतलात, नाव आणि वय बदललंत, पहिली ओळ बदलायची विसरलात. पुढे नोटीस आली तेव्हा या म्हाताऱ्या माणसाला सांगितलंत, तुम्हीच पाहिलं होतं. प्रामाणिक चूक मणून सुटायला याच्यासारखा माणूस दुसरा कुठे मिळणार? तुमच्या कॉम्प्युटरची अंतर्गत नोंद मागवायचा अर्ज माझ्या पिशवीत आहे. मंजुरी कुणाच्या टेबलावरून दिली, ते त्यात येईल. त्याआधी काही सांगायचंय?”

विजयेंद्रांनी रुमाल काढला, कपाळ पुसलं. गंध फिसकटलं.

“हॉस्पिटलचे सकाळपासून तीन फोन आले होते,” ते खाली बघत म्हणाले. “अठ्ठेचाळीस तासांत रिपोर्ट द्यायचा करार. पुढे शनिवार-रविवार. मानेच्या दहा गाठींत आठ टीबीच्याच निघतात, अक्का. मजला वाटलं, आत्ता देऊन टाकू, दशमीला साहेबांना दाखवू. दाखवणारच होतो. देवाशपथ. मग गर्दीत राहून गेलं.”

“किती वेळा राहून गेलं असं?”

विजयेंद्रांनी रुमालाची घडी घातली.

“यंत्राला बोट लावायला भ्यालात,” कनकाबाईंचा आवाज पहिल्यांदा चढला. “देव कोपेल मणून. आणि हिच्या नावावर दुसऱ्याचा आजार चिकटवताना भीती नाही वाटली? अहो, पूजा कशासाठी करतो आपण?”

पुढे त्यांनी काय काय होणार ते सांगितलं. आयोगात दावा लॅबवर. शेवटची ओळ वाचून नऊ महिने गोळ्या देणाऱ्या सर्जनवरही. डॉक्टरचं नाव वापरून खोटा अहवाल केल्याबद्दल पोलिसांत वेगळी तक्रार. परवलीचा शब्द दुसऱ्याच्या हाती दिल्याबद्दल डॉक्टरांना वैद्यक परिषदेपुढे उभं राहावं लागणार. डॉक्टर प्रत्येक वाक्याला मान हलवत होते.

सावनीने हे सगळं ऐकलं. कुणी पाहिलं होतं का, या प्रश्नाचं उत्तर तिला मिळालं होतं. हे कळलं की आपण ओरडू, असं तिला वाटलं होतं. ओरडावंसं वाटलं नाही. ती उठली, कनकाबाईंपुढची काच उचलली आणि डॉक्टरांसमोर ठेवली.

“आता बघा,” ती म्हणाली.

शब्द मराठी होते. डॉक्टरांना ते सांगावे लागले नाहीत.

त्यांनी चष्मा काढला. काच बसवली. डोळा लावला. काच थोडी डावीकडे सरकली, थोडी वर. मग थांबली.

सावनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. काटा एक फेरी पुरी करून थोडा पुढे गेला, तेव्हा डॉक्टरांनी मान वर केली. डोळे भरले होते.

“पहिल्याच ठिकाणी आहे,” ते तमिळमध्ये म्हणाले. “शोधावंही लागलं नाही.”

“एवढाच वेळ लागतो?” सावनीने विचारलं. कनकाबाईंनी ते तमिळमध्ये सांगितलं.

“एवढाच.”

सावनीने मान हलवली. “मग लिहून द्या. तुमच्या हाताने. टाइप नको.”

विजयेंद्र काहीतरी म्हणू लागले. डॉक्टरांनी हात वर करून त्यांना गप्प केलं, खण उघडून कोरा कागद काढला आणि पेनाचं टोपण काढलं. वर आजची तारीख घातली. पुढच्या ओळीवर पेन थबकलं. इतक्या वर्षांत ते काम दुसऱ्याने केलेलं असायचं.

“पेरु?” त्यांनी विचारलं. नाव?

“सावनी खांबेटे,” ती म्हणाली.

त्यांना आडनाव नीट कळलं नाही. त्यांनी कान पुढे केला. तिने पुन्हा सांगितलं, एकेक अक्षर सुटं करून, आणि दुसऱ्या अक्षराशी तिचा आवाज फुटला. डॉक्टर पेन धरून थांबले. तिचं संपूर्ण नाव सांगून होईपर्यंत खोलीत कुणीच हललं नाही.